घरची ड्युटी

मानसोपचाराच्या वॉर्डात काम करणारा माणूस तिथला शीण कुठं ना कुठं उतरवतोच. यवतमाळातल्या त्या दवाखान्यात प्रत्येकानं आपली जागा ठरवून घेतली होती. नाजिया सिस्टर तो थट्टेत उतरवायची. एखाद्या पेशंटनं जेवणाचं ताट भिरकावलं आणि वरण अंगावर आलं, की ती पदर झटकत म्हणायची, "चला, माझी हळद लागली, आता नवरदेव पाहा." पूनमसिंग ब्रदर ड्युटी सुटल्यावर दवाखान्याच्या नळापाशी मोटरसायकल धुवायचा. इतकी धुवायचा, की रंग निघून आत दुसरी मोटरसायकल सापडेल असं वाटावं. नवीन लागलेली सुरभी चादरींच्या खोलीत जाऊन रडायची आणि डोळे त्याच सरकारी चादरीला पुसायची, म्हणजे दवाखान्याचं नुकसान दवाखान्यातच राहायचं.

अर्पिता भोयर सिस्टर मात्र काहीच उतरवत नव्हती. तिचं म्हणणं असं, की चढलाच नाही तर उतरवायचा काय?

या म्हणण्याला वॉर्डात मान होता. पेशंट अंगावर धावून आला तरी अर्पिताचा आवाज वर जात नसे आणि नातेवाईक पाया पडले तरी खाली येत नसे. मधे नागपूरहून एक बाई नर्सेसच्या थकव्यावर बोलायला आल्या होत्या. कामाचं ओझं मनात घेऊन कोण कोण घरी जातं, हात वर करा, म्हणाल्या. सुरभीचा हात सगळ्यांत आधी गेला. नाजियानं दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, घरी डबल नेते. पूनमसिंगनं अर्धाच केला, म्हणजे कुणी विचारलं तर डोकं खाजवत होतो म्हणता येईल. अर्पितानं हाताची घडी सोडली नाही. बाईंनी कौतुकानं विचारलं, तुम्ही कसं जमवता? तेव्हा अर्पितानं सांगितलं, की तिच्या वॉर्डातल्या चपला वॉर्डातच राहतात. निघताना त्या कपाटात ठेवायच्या, घरच्या घालायच्या. चप्पल बदलली की वॉर्ड संपला.

बाईंनी ते टिपून घेतलं. टाळ्या पडल्या. नाजिया मागून कुजबुजली, "ताई, तुमच्या चपलेले आता रोज अगरबत्ती लावा लागते."

अर्पिता हसली नाही, पण तिला बरं वाटलं. माणूस स्वतःच्या स्वभावाची किंमत स्वतःच लावतो. तिनं जरा चढीच लावली होती.

तर हा संपलेला वॉर्ड मागे टाकून ती आर्णी रोडवरच्या घरी यायची. घर दोन खोल्यांचं, पण सध्या तेही मोठं वाटावं इतकी माणसं कमी. नवरा बँकेत, बदली गडचिरोलीला, येणं महिन्यातून दोनदा. मुलगी शिकायला नागपूरला. आणि गेल्या उन्हाळ्यापासून आई, वच्छलाबाई, तिच्याकडे होती.

त्याचं असं झालं. अर्पिताचे वडील थंडीत गेले. बोरी अरबला, आपल्या घरी, बसल्या जागी गेले. त्यानंतर वच्छलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, आंघोळीलाही कुणीतरी उठवावं लागे. धाकटा भाऊ रजत त्यांना यवतमाळला दाखवून घेऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या, आणि महिनाभरानं त्याच्या बायकोला त्याच गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडल्या. बाई रोज गालात धरायची आणि सगळ्यांची पाठ फिरली की डब्यात टाकायची. रजतनं रडत फोन केला, "ताई, हे माह्याच्यानं नाही होत." अर्पिता त्याच दिवशी गेली आणि आईला घेऊन आली. ती रडली नाही. वडिलांच्या वेळीही नव्हती. आधी आईला सांभाळावं, बाकीचं नंतर पाहू, असं तिनं ठरवलं होतं.

आणि आई खरंच सुधारली. पावसाळा लागेपर्यंत खायला लागली, पावसाळा संपेपर्यंत शेजारणीशी भांडायला लागली. भांडण हे अर्पिताच्या हिशेबानं पक्कं लक्षण. ज्याला जगायचं नसतं तो कचऱ्याच्या बादलीवरून वाद घालत नाही.

पण दिवाळी झाली आणि वच्छलाबाईंनी एक घोष लावला. मला बोरीला जायचं आहे. आधी म्हणाल्या कापूस फुटला, वेचायला माणूस नाही. अर्पितानं सांगितलं, तू वेचणार आहेस का? मग म्हणाल्या, म्हैस व्याली. अर्पिता म्हणाली, ती तुझ्यावाचून व्याली, वाढवेलही. मग सून एकटी पडते, मग घराला कुणाची नजर लागली, मग नुसतंच, बरं नाही वाटत पोरीच्या घरी एवढं राहणं. अर्पितानं एकेक कारण खोडलं. तिला हा हिवाळा तरी आईला नजरेसमोर ठेवायचं होतं, असं ती सगळ्यांना सांगे. हे खरंच होतं. पण त्यापलीकडे एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. कुलूप न काढता घरात शिरता येणं, आत कुणीतरी असणं, याची तिला चटक लागली होती. आई गेली तर त्या दोन खोल्यांत ती आणि तिचा थंड स्वभाव असे दोघंच उरणार होते.

शेवटी रजत म्हणाला, रविवारी येतो, काय ते ठरवू. अर्पितानं आपली बाजू भक्कम करायला नाजियालाही जेवायला बोलावलं. नाजियावर वच्छलाबाईंचा जीव. तिच्या दोन वाक्यांत म्हातारी पदराआड हसायची.

आदल्या दिवशी वॉर्डात एक गंमत झाली. झरी जामणीकडचे डोमाजी म्हणून एक वयस्क पेशंट होते. अधूनमधून दाखल व्हायचे, बरे होऊन जायचे, गोळ्या सोडून पुन्हा यायचे. या वॉर्डात गोळी दिली की ती गिळली का हे पाहावं लागतं. आ करा, जीभ वर, इकडचा गाल, तिकडचा गाल. काही पेशंट गोळी अशी लपवतात, की जादूगारानं शिकावं. डोमाजी आता या तपासणीत इतके तयार झाले होते, की समोर कुणीही आलं की आ करायचे. डॉक्टर आले, आ. चहावाला आला, आ. झाडू मारायला चंदाबाई वाकली, तर खाटेवरून तिच्यापुढं वाकून आ.

"मले काय दाखवता बाबा?" चंदाबाई म्हणाली. "मी काय दाताची डाक्टरीण हाओ?"

सगळे हसले. पूनमसिंगला तर उचकी लागली. अर्पिताही गालात हसून म्हणाली, पेशंट असा तयार झाला पाहिजे. एकटी सुरभी हसली नाही. ती हळूच म्हणाली, ताई, त्यांना वाटत असेल तोंड उघडलं की लोक त्रास न देता पुढे जातात. अर्पितानं तिला बाजूला घेऊन समजावलं, की प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतलीस तर तुझ्याच्यानं वर्ष निघणार नाही. निघताना चप्पल बदलत जा.

रविवारी रजत एक भलंमोठं कोहळं काखेत मारून आला. नाजिया खोबऱ्याची बर्फी घेऊन आली. वच्छलाबाईंनी सकाळपासून खपून बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी केली होती. तिखट असं, की नाजियाचं नाक वाहायला लागलं आणि ती म्हणाली, मावशी, तुमच्या भाजीनं सर्दी बी निघाली अन् वॉर्डबी निघाला.

बोलणं निघालं. रजत मोकळेपणानं म्हणाला, की आईची जशी मर्जी, त्याच्याकडे घर आहेच. नाजियानं आपली वकिली सुरू केली. मावशी गेल्या तर मला पातोडी कोण देणार, ताई तर दवाखान्यातली खिचडीही चव घेऊन खातात. वच्छलाबाई हसल्या. शेवटी म्हणाल्या, पाहू, संक्रांतीपर्यंत पाहू. अर्पितानं ते 'पाहू' लगेच आपल्या बाजूला जमा केलं. जिंकल्यासारखंच होतं. ती रजतला दारव्हा रोडच्या कामाबद्दल विचारू लागली, आणि विचारता विचारता उठून फ्रिजवरची दुपारची गोळी काढली, पेल्यात पाणी घेतलं आणि आईपुढं धरलं.

वच्छलाबाईंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या. मग मान वर करून त्यांनी मुलीपुढे आ केला. जीभ उचलली. डाव्या गालात बोट घालून तो ताणून दाखवला, मग उजवा. अर्पिताचं वाक्य चालूच होतं, त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं. म्हणून वच्छलाबाई तोंड उघडं ठेवून तशाच थांबल्या. बोलता बोलता अर्पितानं आत नजर टाकली, "हं" म्हणाली, आणि मग आईनं तोंड मिटलं.

अर्पिताला काही घडल्याचं कळलंच नाही. ती रस्त्याबद्दल बोलत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की खड्ड्यांवर कुणी काही बोलत नाहीये. रजतचा घास हातातच होता.

"हे काय होय व आई?" त्यानं विचारलं.

"काही नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाईले दाखवा लागते."

त्यात तक्रार नव्हती. नवीन पाहुण्याला चपला कुठं काढायच्या ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं होतं.

अर्पितानं नाजियाकडे पाहिलं. नाजिया आता काहीतरी बोलेल, सगळे हसतील आणि हे निभेल, असं तिला वाटलं. वरण अंगावर आलं तरी जिला विनोद सुचायचा, ती नाजिया खाली मान घालून ताटातल्या रश्श्यात बोट फिरवत होती. 

तेव्हा कुठं अर्पिताची कानशिलं तापली. ती घाईनं समजावू लागली. डाळीच्या डब्याची आठवण करून दिली. सुरुवातीला किती काळजी घ्यावी लागते, नातेवाइकांना ते कळत नाही, हे सांगितलं. सांगताना तिचा तिलाच आवाज ऐकू आला. वॉर्डातल्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या नातेवाइकांना सांगते तोच, ना वर ना खाली. रजत लगेच म्हणाला, "बरोबर हाये ताई, बरोबर हाये." त्यानं भांडायला हवं होतं. तो नातेवाइकासारखा पटकन ऐकून मोकळा झाला, हे तिला फार लागलं.

नाजिया हात धुवायच्या निमित्तानं उठली आणि न्हाणीकडे गेली. अवघडलेलं मोडावं म्हणून वच्छलाबाईंनी तिला प्रेमानं हाक मारून सांगितलं, "अव पोरी, भरली बादली दाराले लावून घेजो. कडी नाई तथी."

रजतनं बहिणीकडे पाहिलं.

कडी होती. आईला आणलं त्याच आठवड्यात अर्पितानं स्वतः पेचकस घेऊन ती काढली होती. वॉर्डात न्हाणीघराला आतून कडी नसते, का नसते ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या दिवसांत आईच्या बाबतीत तसं भय वाटावं अशी परिस्थितीही होती. पण ते भय केव्हाच संपलं होतं. आई कचऱ्याच्या बादलीवरून भांडायला लागली, तरी आंघोळीला बसताना पाण्याची बादली दाराशी सरकवत होती. अर्पिताला स्वतःला कडी लागत नव्हती, घरात होतं कोण? आणि नवरा गडचिरोलीहून आला की न्हाणीत सारखा खाकरत राहायचा. त्याला तिकडच्या जंगलातल्या हवेची सर्दी बाधते, असं ती समजत होती. दोनदा तिनं त्याला काढाही करून दिला होता.

जेवणं कशीबशी झाली. रजत आणि आई समोरच्या खोलीत कोहळ्याचे सांडगे घालावे की भाजी करावी, यावर बोलू लागले. अर्पिता आणि नाजिया भांडी घासायला बसल्या. नळाचं पाणी चालू होतं तोवर बरं होतं.

"बोल ना काही," शेवटी अर्पिताच म्हणाली. "बोलून टाक एकदाचं."

"काय बोलू ताई." नाजियानं ताट विसळून पालथं घातलं. "माही पोरं सांगतात, अम्मी दवाखान्यात हसते अन् घरी हसत नाई. आपल्या दवाखान्याचा पिंटू ड्रायव्हर त्याईले सांगत होता, तुमची अम्मी लय कॉमेडी हाये. पोरं म्हणे, कोणती अम्मी? माह्यं सगळं तथीच खर्च होऊन जाते. घरी जाऊन मी भिंतीकडे पाहत राह्यतो. तुमच्या आईवानी."

 नाजिया पदराला हात पुसून उठली. जाता जाता दाराशी थांबली आणि म्हणाली, "मी कोणाले नाई सांगत."

हे वाक्य नाजियानं चांगुलपणानं म्हटलं होतं. पण ते म्हणावं लागावं, एवढी गोष्ट मोठी होती, हे त्यातून अर्पिताला पुरतं कळलं. चोरी करताना सापडलेल्या माणसाला दुकानदार म्हणतो ना, जा, पोलिसांना नाही सांगत. तसं.

ती समोरच्या खोलीत गेली तेव्हा वच्छलाबाई आपल्या पिशवीत लुगडी भरत होत्या. रजत पान खायच्या मिषानं बाहेर गेला होता. संक्रांतीपर्यंतचं 'पाहू' कुठं गेलं, हे विचारायची अर्पिताला हिंमत झाली नाही. ती आईच्या बाजूला खाली बसली.

"आई, मी उद्याच कडी बसवते. गोळी तुझी तू घे, मी पाहणार पण नाही. राहा ना."

"मी रागावली नाई व," वच्छलाबाई म्हणाल्या. "तू नसती तं मी आज कोठी असती? मले समजत नाई का?"

"मग काहून चालली?"

वच्छलाबाईंनी एका लुगड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. 

"तू दारातून आली का पह्यले माह्ये मनगटं पाह्यते," त्या म्हणाल्या. "मंग डोळे पाह्यते. मंग स्वयंपाकघरात जाऊन सुरी जागेवर हाये का पाह्यते. तुले वाटते मले दिसत नाई. मी मनात म्हणतो, पोरगी आता बसन, आता बसन माह्याजोळ, काही सांगन, तिची सासू कशी, तिची पोरगी कशी. तू बसते अन् इचारते, झोप लागली का, पोट साफ झालं का. तुले दवाखान्यात बी ड्युटी अन् घरी बी ड्युटी. मी गेली म्हणजे घरची तरी सुटन. तुले सुटी भेटन बाई. म्हणून चालली मी."

अर्पिताच्या ओठांवर एक वाक्य आलं. असं काही नाही, सगळं ठीक आहे, तुम्ही शांत व्हा. वॉर्डात हे वाक्य इतकं वापरलेलं असतं, की तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं. तिनं ते आतल्या आत गिळलं.  म्हैस आणि कापूस तिनं सहज खोडले होते. हे कारण खोडता येईना.

कापूस, म्हैस, सून, नजर, ही सगळी कारणं आई महिनाभर का लावत होती, तेही आता कळलं. पोरीला हे तोंडावर सांगावं लागू नये म्हणून.

स्टँडवर बोरीवरून जाणारी दारव्ह्याची गाडी लागलेलीच होती. रजतनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. गर्दी उतरेपर्यंत तिघं खाली उभे राहिले. अर्पितानं रजतला सांगायला सुरुवात केली. झोप सध्या चांगली आहे. जेवण होतं, पण सकाळचं कमी. चिडचिड आली तर घाबरायचं नाही, पण एकटीच बसून राहायला लागली, बोलणं कमी झालं, तर लगेच फोन करायचा. धारदार वस्तू...

ती तिथंच अडकली. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. खाटेपाशी उभं राहून देतात, पेशंट ऐकत असतो, आणि सगळे जण तो ऐकत नाही असं धरून चालतात. वच्छलाबाई पिशवी छातीशी धरून दोघांच्या मधे उभ्या होत्या आणि स्वतःबद्दल ऐकत होत्या. मुद्दाम दुसरीकडे, चौकशीच्या खिडकीकडे पाहत होत्या, पोरीला संकोच नको म्हणून.

अर्पितानं पर्समधली गोळ्यांची पिशवी काढून आईच्या हातात दिली. कोणती केव्हा, ते सांगावंसं वाटलं. आई त्या रोजच घेत होती, तिला पाठ होतं. गाडी हलली. खिडकीतून आईनं हात केला आणि तेव्हा अर्पिताची नजर पुन्हा मनगटावर गेली. तिनं ती ओढून काढली, तोवर गाडी वळली होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या ग्रुपवर नागपूरच्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या पुढच्या कार्यक्रमात त्या अर्पिता सिस्टरच्या चपलेचं उदाहरण देणार होत्या, फोटो पाठवता का? पूनमसिंगनं टाळ्या पाठवल्या. सुरभीनं फूल पाठवलं. नाजियानं काहीच पाठवलं नाही. अर्पिता फोन हातात घेऊन कपाटापुढं उभी राहिली. चपला आत नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या. त्यांची काही चूक नव्हती. फोटो तिनं काढला नाही, आणि बाईंना खरं काय ते लिहावं, तर तेही तिच्याच्यानं होईना. दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, की चपला जुन्या झाल्या आहेत. इतकी वर्षं कमावलेल्या नावातून एक पैसाही सोडवत नव्हता, याची तिला वेगळी लाज वाटली.

दुपारी डोमाजींना गोळी द्यायची वेळ तिची होती. त्यांनी आ केला. पाहावं तर लागणारच होतं, ते कामच होतं. तिनं पाहिलं, आणि मग डोमाजींनी तोंड मिटायच्या आत ती म्हणाली, "झालं बाबा. घरी कोण कोण हाये तुमच्या?" डोमाजी गोंधळले. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी सावधपणानं पुन्हा एकदा आ केला.

संध्याकाळी ती घरी आली. कुलूप काढलं. न्हाणीच्या दाराला येताना घेतलेली कडी बसवायला बसली, तर जुनी भोकं सैल झालेली, स्क्रू फिरत राहिला. तो तसाच ठेवून तिनं बोरीला फोन लावला. लावण्याआधी तिनं मनाशी पक्कं केलं होतं, झोपेचं विचारायचं नाही, जेवणाचं नाही, गोळीचं तर नाहीच.

आईनं उचलला. पोचलो बरोबर, म्हणाली. अर्पिता बरं म्हणाली.  विचारायचं नाही ते सगळं बाजूला काढल्यावर, आईला विचारण्यासारखं तिच्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं. एवढ्या वर्षांची पोरगी आणि आई, आणि मधे नुसती खरखर. तिला म्हैस आठवली. म्हैस कशी आहे, तिनं विचारलं.

"चांगली हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "पारडू मोठं झालं तिचं. रजतची पोरं त्याले खेळूखेळू बेजार करून राह्यली." मग म्हणाल्या, "तुले झोप लागते का व?"

लागते ना, असं उत्तर तयार होतं. कुणीही विचारलं तरी तिचं ते तयार असायचं.

"नाही लागत," अर्पिता म्हणाली.

"कवापासून?"

"बाबा गेले तेव्हापासून."

 अर्पिताला वाटलं, आता आई रडेल, तिला पुन्हा काही होईल, आपण काय हे बोलून बसलो. तिची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली, शेवटची गोळी केव्हा झाली असेल ते मोजायला. तेवढ्यात आईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्याचा आवाज आला. कुठंतरी खाट करकरली. बाई नीट बसली होती.

"बोल," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी ऐकून राह्यली."

अर्पिता न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली.  डोळ्यांतलं पाणी गालावरून ओठांत आलं आणि तिला लाज वाटली, आईसमोर रडण्याची, आणि ते एवढं उशिरा येण्याची. ती तशीच बसून राहिली. फोन मात्र तिनं ठेवला नाही, आणि पलीकडून आईनंही ठेवला नाही.